पाठराखीण

मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेली एक लहान दुर्बीण होती. घरात तिला पाठराखीण म्हणत. नाव लेकीनं, देवकीनं ठेवलेलं. चंपतमामाच्या लग्नात नव्या मामीसोबत तिच्या माहेरची पाठराखीण आली होती, आणि नवरी जेवली का, घाबरली का, तिचा पदर सरकला का, यावर ती दिवसभर डोळा ठेवून होती. घरी आल्यावर पोर बापाला म्हणाली, आपली लहान दुर्बीण तेच तर करते! वामनरावांनी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, पण इतकं चपखल नाव आपल्याला सुचलं नसतं, हे ते स्वतःच सांगत.

काम होतंही तसंच. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा आणि पाव तास उघडा ठेवायचा. तेवढ्यात आकाश काही थांबून राहत नाही. दुर्बीण त्याच्यामागं आपोआप फिरायची, पण तिची चाकं नागपूरच्या इतवारीतल्या घड्याळजीनं जुन्या मालातून जमवलेली. कधी रेंगाळायची, कधी पुढं धावायची. म्हणून कुणीतरी स्टुलावर बसून लहान दुर्बिणीतून एक तारा धरून ठेवायचा. आत एक आडवी आणि एक उभी अशा दोन अगदी बारीक रेघा होत्या. लाल बल्ब लावला की त्या मधोमध तेवढ्या उजळत आणि तिथं त्यांची फुली दिसे. तारा त्या फुलीवर ठेवायचा आणि जरा ढळला की चावी फिरवून परत आणायचा. तारा ढळला तर फोटोत ठिपक्यांऐवजी फराटे येत.

देवकी बाराव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली, त्यालाही आता बारा वर्षं होत आली होती. ती गेली आणि दोन्ही दुर्बिणी धोतरात गुंडाळून माळ्यावर गेल्या. त्या खाली आल्या शहाऐंशी सालच्या जानेवारीत, हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा. वामनरावांनी लेकीला शब्द दिला होता की तू मोठी होशील तेव्हा तो येईल आणि आपण त्याचा फोटो काढू, तू पाठराखिणीपाशी बसशील. धूमकेतू वेळेवर आला होता. फोटो काढायचा आणि भिंतीवरल्या तिच्या तसबिरीशेजारी लावायचा, एवढं एकच वामनरावांनी मनात धरलं होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि डावाही अधू, त्यामुळं स्टुलावर बसायचं काम बायकोकडं, गोपिकाबाईंकडं आलं.

घाई एवढ्यासाठी की धूमकेतू रोज संध्याकाळी आणखी खाली दिसत होता. संक्रांतीनंतर तो सूर्याच्या उजेडात बुडणार होता. मार्चात पहाटे पूर्वेला पुन्हा निघाला असता, पण पूर्वेला शेजाऱ्यांनी घरावर मजले चढवलेले. पश्चिम मात्र मोकळी होती. गच्चीसमोर सक्करदऱ्याचा तलाव आणि त्याच्यावर सगळं आकाश.

पहिल्या संध्याकाळी अंधार पडताच वामनरावांनी बायकोला शिकवलं. शाळा सुटली तरी मास्तर सुटत नाही, तसं सगळं दोनदोनदा सांगितलं. "नळी पुढंमागं कर. तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला पाह्यजे. झाला? आता मान जराशी इकडंतिकडं हलवून पाह्य. तारा रेघेवरून घसरते का?"

"थोडासा घसरते."

"म्हणजे अजून बराबर नाही. आणखी जराशी फिरव."

गोपिकाबाईंनी फिरवली. तारा आणि रेघ एकमेकांना चिकटून बसली. मान हलवली तरी सुटेनात. त्यांना गंमत वाटली. सुईत दोरा गेल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. वामनरावांनी मफलर नाकातोंडावरून गच्च गुंडाळला, कारण थंडीनं त्यांना दमा उठे, आणि कॅमेरा उघडला.

थोडा वेळ सगळं छान चाललं. गोपिकाबाईंना उगी बसवत नसे. त्यांनी नकळत भुलाबाईचं गाणं गुणगुणायला घेतलं, देवकीच्या आवडीचं. आणि तारा वर सरकला.

सरकला म्हणजे हळूच उचलला गेला. कुणीतरी वरून चिमटीत धरून उचलावा तसा. त्यांनी चावी फिरवून तो खाली आणला. तो पुन्हा वर गेला. पुन्हा आणला. पतंगाच्या मांजाला वरून ओढ लागते तेव्हा बोटाला जसं कळतं, तसं त्यांना त्या चावीत कळत होतं की पलीकडं कुणीतरी आहे.

वामनरावांनी न्हाणीघरात फिल्म धुतली. सगळे तारे उभे ओढलेले आणि धूमकेतूचा नुसता बोळा. ते ओली फिल्म धरून स्वयंपाकघरात आले.

"अवं, हात हलला तुया."

"म्या काहीच नाही केलं जी," गोपिकाबाई म्हणाल्या. "ताराच सरकून राहिला."

वामनरावांचा चेहरा एकदम उतरला. ते परत न्हाणीघरात गेले. गोपिकाबाई हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरून तशाच उभ्या राहिल्या, कारण आपण काय बोललो ते त्यांनाही आता ऐकू आलं होतं. हेच वाक्य या घरात आधी बोललं गेलं होतं. देवकी शेवटच्या हिवाळ्यात पाठराखिणीपाशी बसायची तेव्हा फोटो असेच बिघडायचे, आणि बाप ओरडायचा की तुझा हात स्थिर नाही, तुझं ध्यान नाही. पोर रडकुंडीला येऊन म्हणायची, बाबा, म्या नाही हलवलं, ताराच सरकून राहिला. शेवटी वामनरावांनी तिला स्टुलावरून उठवलं ते उठवलंच. त्यानंतर ती कितीदा तरी त्यांच्या मागं लागली होती की एक डाव बसू द्या ना. पुढल्या पावसाळ्यात ती गेली.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी दुर्बीण उकलली. चाकं पुसली, तेल दिलं, लहान दुर्बिणीच्या पट्ट्या सोडून पुन्हा आवळल्या, आरसा हलतो का ते पाहिलं. दिवसाउजेडी पाठराखिणीतून दूरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. फुली जागच्या जागी होती. अंधार पडल्यावर ते स्वतः स्टुलावर बसले, मफलर गुंडाळून, अधू डाव्या डोळ्यानं; आणि तारा शहाण्या मुलासारखा बसून राहिला.

"पाह्य. काहीच सरकत नाही. बस तू आता."

गोपिकाबाई बसल्या. वामनराव कॅमेऱ्यापाशी गेले. गोपिकाबाईंनी तोंड मिटून धरलं, आणि तारा हलला नाही. मग त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी अगदी हळू, ओठातल्या ओठात हाक मारली. "देवके?"

तारा वर उचलला गेला.

त्या गप्प झाल्या. जरा वेळानं तारा आपणच खाली आला आणि फुलीवर बसला. पुन्हा त्यांनी नाव घेतलं, पुन्हा तो वर गेला. स्टुलावरून उठावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. बारा वर्षं त्यांनी या पोरीला हाका मारल्या होत्या. स्वयंपाक करताना, तलावावरून येताना, कुणी ऐकत नाही असं पाहून. आज पहिल्यांदा ओ मिळत होती. कॅमेरा उघडा होता, धूमकेतू बुडत चालला होता, नवरा पलीकडं घड्याळ धरून उभा होता, आणि गोपिकाबाई लेकीशी कुजबुजत बसल्या. जेवली का वं? थंडी वाजते का वं तुले? तारा वर जाई, खाली येई. चावीला त्यांनी हातही लावला नाही.

ती फिल्म पहिलीपेक्षा वाईट निघाली. या वेळी वामनराव भडकले. बोटाएवढं काम सांगितलं तर तेही होत नाही, आता उद्याची एक संध्याकाळ उरली, पोरीला दिलेला शब्द असा तुझ्यापायी... गोपिकाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"ती येऊन राहिली."

"कोण?"

"कोण म्हणजे? मी बोलली की वर येते, गप झाली की जाते. तुमच्यापाशी नाही येत. तुमी तिले उठवलं होतं ना."

हे शेवटचं त्यांना बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. वामनरावांनी फिल्म दोरीला चिमटा लावून टांगली. चिमटा लावायला त्यांना फार वेळ लागला.

संक्रांतीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. दिवसभर पतंग आणि ओ काटचा आरडाओरडा. दिवस कलला तसे पतंग उतरले, पोरं खाली गेली. उजेड पुरता गेला नव्हता, तेवढ्यात वामनराव बायकोला म्हणाले, "चल. मले दाखव."

गुरूचा ग्रह तेवढा निघाला होता. तोच फुलीवर घेतला. वामनराव वाकून पाठराखिणीतून पाहू लागले आणि गोपिकाबाई त्यांच्या गालाशेजारी तोंड नेऊन हळू हळू भुलाबाईचं गाणं म्हणू लागल्या. वामनराव हलले नाहीत. कडवं संपलं तसे ते उठले.

"खरंच गेला वर," ते म्हणाले.

गोपिकाबाईंना रडू आलं. म्हणजे आपल्याला वेड लागलेलं नाही. पण वामनराव वाकून पाठराखिणीचं डोळ्याकडचं टोक चाचपत होते. लाल बल्बची वायर आत न्यायला त्यांनी नळीला खालच्या अंगानं एक भोक पाडलं होतं, बघणाऱ्याच्या नेमकं ओठांसमोर. त्यांनी भोकावर बोट ठेवलं. "आता म्हण."

गोपिकाबाईंनी गाणं म्हटलं. वामनरावांनी पाहिलं. गुरू जागीच होता; बोट काढून पुन्हा म्हणायला लावलं, तसा तो वर गेला. मग नळीतून डोळ्याकडचं भिंग उपसून काढलं आणि टॉर्चच्या उजेडात बायकोच्या तोंडासमोर धरलं. "आता यावर श्वास सोड."

गोपिकाबाईंनी सोडला. भिंगाच्या कड्यात आडवी ताणलेली बारीक रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत सैल पडली आणि मधोमध खाली झुकली. जरा वेळानं वारा लागून ती पुन्हा ताठ झाली.

"तारा नव्हता सरकत," वामनराव म्हणाले. "रेघ खाली जाऊन राहिली होती. तू बोलली की वाफ आत जाते. केस ओल धरते अन् लांब होते. हवेतली ओल मोजाचं यंत्र असते शाळेत, त्यात केसच असते. दरसाल शिकवलं मी पोराईले. दरसाल."

"केस?" गोपिकाबाईंनी भिंग हातात घेतलं. "हा केस आहे?"

वामनरावांनी टॉर्च खाली केला.

"कोणाचा केस आहे जी?"

"जावळातला."

देवकीचं जावळ खाप्याला काढलं होतं, गोपिकाबाईंच्या माहेरी, चंपतमामाच्या मांडीवर. सगळं जावळ पुरणपोळीच्या घासासोबत कन्हानच्या धारेत सोडलं होतं. सासूबाईंनी बजावलं होतं की एकही केस घरात राहता कामा नये, पोरीला बाधतं. गोपिकाबाईंनी अंगणातली माती सुपानं गोळा करून तीही नदीत टाकली होती. आणि या माणसानं त्यातले दोन केस खिशात घालून आणले, कारण एवढा बारीक, एवढा सरळ धागा नागपूरच्या कुठल्या दुकानात मिळाला नसता. आणि कारण, त्यांनी मान खाली घालून सांगितलं, लेकीचाच असावा असं वाटलं.

गोपिकाबाईंचा संताप अनावर झाला. भीती नाही, रीतभात मोडल्याचा राग तर मुळीच नाही. "बारा साल माही लेक माळ्यावर होती," त्या म्हणाल्या. "मी तिचे फ्राक हुंगत बसली, त्यात काही नव्हतं राह्यलं. तिची फणी धुऊन टाकली होती कोणं तरी, तिच्यात एक केस नव्हता. अन् तुमच्यापाशी दोन होते. तुमी मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं तू नदीत सोडाले लावले असते."

लावले असते. हे खरं होतं.

अंधार पडत होता. चंद्राच्या कोरीखाली धूमकेतूचा पुसट ठिपका आता दिसू लागला होता आणि त्याला फार वेळ नव्हता. गोपिकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "केस काढा," त्या म्हणाल्या. "दुसरं काय चालते?"

"कोळ्याचा धागा चालते. तो ओल नाही धरत इतका."

आता नागपुरात संक्रांतीच्या दिवशी कोळ्याचं जाळं कुठून आणायचं? गोपिकाबाईंनी आदल्याच दिवशी घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडलं होतं. त्या शेजारी जिजाबाईंकडं गेल्या. जिजाबाईंना वाटलं हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी पाट मांडला, तिळगूळ हातावर ठेवला, आणि गोपिकाबाईंनी विचारलं की तुमच्याकडं जाळं आहे का हो. जिजाबाईंचा चेहरा असा झाला की विचारू नका. माह्या घरात? आजच्या दिवशी? हे प्रकरण पुढं गल्लीत वर्षभर चालू राहिलं.

घरी येऊन गोपिकाबाई बैठकीत उभ्या राहिल्या. छत स्वच्छ, कोनाडे स्वच्छ. एकच जागा त्यांनी झाडली नव्हती, कारण ती त्या कधीच झाडत नसत. देवकीची तसबीर त्या समोरून पुसायच्या, पण खिळ्यावरून काढत नसत. काढली की भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो, तो त्यांना पाहवत नसे. त्यांनी तसबीर काढली. मागं कोळ्यानं घर केलं होतं. तसबीर छातीशी धरून, दुसऱ्या हातानं त्यांनी ते जाळं काडीवर गुंडाळून घेतलं.

वामनरावांनी दोन्ही केस सोडवले आणि बायकोच्या तळहातावर ठेवले. तिळगुळाचा कागद होता, त्यात गोपिकाबाईंनी ते घडी घालून पोलक्यात ठेवले. वामनरावांनी डिंकाच्या थेंबानं कोळ्याचा धागा आडवा-उभा बसवला. अधू डोळा आणि कापरे हात. तीनदा तुटला, चौथ्यांदा बसला. भोकात त्यांनी कापूस कोंबला. तोवर धूमकेतू तलावापलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर आला होता.

कॅमेरा उघडला. गोपिकाबाईंनी डोळा लावला. तारा फुलीवर बसला होता आणि चाकं जरा रेंगाळली की तेवढा ढळत होता, त्या चावीनं आणत होत्या. वर कुणी उचलत नव्हतं. त्यांनी मुद्दाम नाव घेतलं. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, भुलाबाईचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. तारा जागचा हलला नाही. देवकी गेली त्या रात्री दवाखान्यात शांतता पडली होती, तीच त्यांना आता कानात ऐकू येत होती. तरी त्यांनी हात स्थिर ठेवला. शब्द दिला होता तो नवऱ्यानं, पण पाळायचा दोघांनी होता.

फोटो चांगला आला. इतका, की पुढं वर्तमानपत्रानं मागून नेला. पण ते नंतर. त्या संध्याकाळी धूमकेतू झाडांत शिरला, वामनरावांनी कॅमेरा मिटला आणि म्हणाले, "झालं. उद्या खाप्याले जाऊ. कन्हानात सोडून देऊ ते केस, आई म्हणत होती तसे."

"जाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "पण आधी परत बसवून द्या."

"अवं, फोटो तं झाला."

"फोटोसाठी नाही."

वामनरावांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, वाफ आणि ओल आणि यंत्र, आणि तिलाही आता ठाऊक होतं. त्यांनी काही समजावलं नाही. टॉर्च तिच्या हातात दिला, आणि धागा काढून दोन्ही केस होते तिथं बसवले. भोकातला कापूस काढला. मावळतीच्या आकाशात एक तारा फुलीवर धरला आणि स्टूल पुढं सरकवलं.

गोपिकाबाई बसल्या नाहीत. "तुमी बसा," त्या म्हणाल्या.

वामनराव उभेच राहिले. मग त्यांनी मफलरची गाठ सोडली, नाकातोंडावरचा वेढा काढला आणि तो खांद्यावर टाकला. थंडी होती, दमा उठणार हे दोघांनाही कळत होतं. ते स्टुलावर बसले, डावा डोळा लावला आणि पहिल्यांदाच उघड्या तोंडानं श्वास सोडला. एक, मग दुसरा.

"सरकला," ते म्हणाले.

गोपिकाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तुया हात नव्हता वं हलत, देवके," वामनराव त्या भोकापाशी तोंड नेऊन म्हणाले. "नव्हता हलत. बस वं. पाह्यजे तेवढा वेळ बस."